कपाळावरचं हिरवं

लोंढ्याहून बेळगावकडे निघालेली पॅसेंजर गुंजीला थांबते, तेव्हा चढणाऱ्या बायांमध्ये एखादी तरी सत्तरी ओलांडलेली असते. डोक्यावर पदर, काखेत पिशवी आणि दोन भुवयांच्या मधोमध, कुंकवाच्या जरा खाली, एक हिरवा ठिपका. नीट बघितलं तर हनुवटीवर आणखी एक दिसतो. गाडी हलताना तिने दांडा धरला की बांगड्या मागे सरकतात आणि मनगटाच्या आतलं तुळशीवृंदावन उघडं पडतं. खाली चौकोन, त्यावर उभी रेघ, रेघेला दोन्ही बाजूंनी फांद्या. या रेघा एके काळी सुईइतक्या बारीक असतील. आता त्या पसरल्या आहेत, पातळ कागदावर शाई फुटावी तशा. शेजारी बसलेल्या नातीच्या कपाळावर चिकटवायची टिकली असते. हातावर काही नसतं, नाहीतर शहरातल्या स्टुडिओत मशीनने काढलेलं एखादं इंग्रजी अक्षर आणि त्याला लगडलेलं पीस असतं.

गोंदण म्हणजे जुन्या बायांची हौस, असं म्हणून हा विषय बहुतेक वेळा दोन ओळींत मिटवला जातो. पण ते कोण काढत होतं, कशासाठी काढत होतं आणि तीन पिढ्यांत ते कपाळावरून पुसलं कसं गेलं, हे विचारायला लागलं की त्या हिरव्या ठिपक्यामागे मोठा इतिहास उभा राहतो.

सुरुवात जरा लांबून केलेली बरी. तैवानच्या उत्तरेकडच्या आणि मधल्या डोंगरांत अतायाल नावाचे आदिवासी राहतात. चेहऱ्यावरच्या गोंदणाला ते ‘पतासान’ म्हणतात. पुरुषाच्या कपाळावर आणि हनुवटीवर उभा पट्टा असे. बाईच्या कपाळावर तसाच पट्टा, शिवाय दोन्ही कानांपासून ओठांपर्यंत उतरत येणारी जाळीदार, रुंद पट्टी. हे गोंदण कमवावं लागे. मुलाने शत्रूचं मुंडकं आणलं आणि मुलीचा मागावर हात बसला, की चेहरा गोंदला जाई. त्याशिवाय लग्न जमणं कठीण. मेल्यावर आत्मा इंद्रधनुष्याच्या पुलावरून पूर्वजांकडे जातो आणि चेहऱ्यावरची खूण बघूनच पूर्वज आपलं माणूस ओळखतात, अशी त्यांची श्रद्धा. १८९५ साली तैवान जपानच्या ताब्यात गेलं. नव्या सरकारने मुंडकी तोडण्याच्या प्रथेबरोबर गोंदणावरही बंदी घातली. त्यानंतरही काही वर्षं डोंगरात लपूनछपून चेहरे गोंदले गेले, मग तेही थांबलं. २०१९ साली मिआओली जिल्ह्यातली ९७ वर्षांची एक आजी वारली आणि परंपरेने गोंदलेला अतायालांचा शेवटचा चेहरा गेला. देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी आली.

अतायालांची परंपरा कधी मोडली आणि कोणी मोडली, हे बोट ठेवून दाखवता येतं. आपल्याकडे असं दाखवायला काही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गोंदणावर कोणत्याही सरकारने बंदी घातली नाही, कोणत्या पंचायतीने ठराव केला नाही. ते लाजेने गेलं. लाजेचा सरकारी कागद निघत नाही, म्हणून त्याची नोंदही कोणी ठेवली नाही.

गोंदायची रीत साधी होती, पण कसबाची होती. एरंडेलाच्या दिव्यावर खापर पालथं धरून काजळी जमवायची. ती खलून माक्यासारख्या पाल्याच्या रसात किंवा लेकुरवाळीच्या दुधात कालवायची. काडीने आधी अंगावर नक्षी रेखाटायची आणि मग दोऱ्याने घट्ट बांधलेली तीन, पाच किंवा अधिक सुयांची जुडी त्या रेघेवरून टोचत न्यायची. पोर आठ-दहा वर्षांची, फार तर बारा. आई किंवा आत्या तिला मांडीवर घेऊन हात दाबून धरी, आणि गोंदणारी बाई टोचता टोचता गाणं म्हणे. गाण्यात त्या पोरीच्या माहेरचं आणि होणाऱ्या सासरचं कौतुक, देवाधर्माची नावं. पोरीचं लक्ष गाण्याकडे लागावं आणि सुईवरून उडावं, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो मोठा होता. शेवटी रक्त पुसून पुन्हा काजळ चोळायचं आणि वर हळद लावायची. काही दिवस हात सुजायचा, मग खपली धरायची. खपली पडली की खालून आलेला रंग काळा नसे, हिरवट निळा असे.

काजळी काळी, मग गोंदण हिरवं का? कातडीच्या वरच्या थराच्या पेशी काही आठवड्यांत झडून जातात, पण सुई त्या थराखाली पोचते. काजळीचे कण तिथे अडकतात, आणि वरच्या कातडीतून उजेड गाळून येताना काळ्याची छटा हिरव्या-निळ्याकडे झुकते. ते कण तिथे टिकतात कसे, याचं उत्तर २०१८ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून मिळालं. बाहेरून घुसलेलं गिळून टाकणं हे काम असलेल्या पेशी हा रंग गिळतात. त्या मरतात तेव्हा रंग बाहेर पडतो आणि शेजारच्या ताज्या पेशी तो पुन्हा गिळतात. गुंजीच्या आजीच्या कपाळावरचा ठिपका साठ-सत्तर वर्षं असा एका पेशीकडून दुसरीकडे सोपवला जातोय.

नक्षीत काय असायचं? कपाळावर ठिपका, चंद्रकोर नाहीतर उभी रेघ. गालावर किंवा नाकाच्या बाजूला तिळासारखा एक ठिपका, हनुवटीवर एक किंवा तीन. हातावर तुळस हमखास. पाच ठिपके म्हणजे पाच पांडव. विंचू, कासव, मोर, पाळणा, फणी, कुंकवाचा करंडा, रामसीतेची जोडी, कान्हा. लिहिता-वाचता येत नसलेल्या बायांच्या हातांवर पुढे नावंही आली: भावाचं, नवऱ्याचं. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही असा रिवाज असलेल्या घरात ते नाव मनगटावर कायमचं कोरून घेतलेलं असे. ही अक्षरं कधी उलटी, कधी काना-मात्रा हरवलेली, कारण कोरणारीलाही अक्षर येत नसे; ती चित्र म्हणूनच नाव उतरवून घेई.

गोंदण दागिना होतं, हे खरं. ज्या घरात सोन्याचा मणी परवडत नव्हता, तिथल्या बाईच्या मनगटावर गोंदणाचाच गोफ असे. पण तेवढंच नव्हतं. अंगावरचं सोनंनाणं मेल्यावर लोक उतरवून घेतात, बरोबर येतं ते गोंदण, ही समजूत महाराष्ट्रभर आणि सीमाभागात सारखीच पक्की आहे. पुलापाशी चेहरा ओळखणारे अतायालांचे पूर्वज आणि ही समजूत यांत काही देवाणघेवाण झालेली असण्याचं कारण नाही. मरणाच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहायची भीती मात्र दोन्हीकडे एकच दिसते. गोंदणाचा औषधासारखाही वापर होता. गुडघा, मनगट, कोपर दुखतो म्हणून त्या सांध्यावर ठिपके टोचून घेतले जात. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ नावाच्या माणसाच्या प्रेतावर ६१ गोंदणखुणा आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा सांध्यांजवळ आणि पाठीच्या खालच्या भागात आहेत. दुखऱ्या जागी टोचायची बुद्धी माणसाला फार पूर्वी सुचलेली आहे.

आता ज्यांच्याविषयी सगळ्यात कमी लिहिलं गेलं त्यांच्याकडे वळू. गोंदणाऱ्या बाया कोण होत्या? आपल्या मुलखात त्या बहुधा भटक्या समाजांतल्या. महाराष्ट्राकडे गोंधळी, वैदू, कैकाडी; कर्नाटकाकडे कोरवी आणि शिळ्ळेक्यात. कानडी मुलखातल्या लोककथांतली ‘कोरवंजी’ हात बघून भविष्य सांगते आणि गोंदतेही. सुगी झाली की ही माणसं गावाबाहेर पालं टाकत. बाई सुयांची डबी आणि काजळाची वाटी घेऊन दारोदार फिरे. मोबदला धान्यात: खानापूरच्या भातपट्ट्यात सूपभर भात, निपाणीकडे जोंधळे, वर एखादं जुनं लुगडं. दारात आलेल्या बाईची भाषा कोणती हे कोणी विचारत नसे. मराठीत गोंदण, कानडीत हच्चे. एकाच बाईच्या एकाच जुडीने या गावात गोंदण आणि पलीकडच्या गावात हच्चे काढलं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून पाट्यांवर आणि शाळांमध्ये दोन भाषांमधली ओढाताण चालूच आहे. या पट्ट्यातल्या जुन्या हातांवरची तुळस मात्र मराठी की कानडी, हे कोणालाच सांगता येणार नाही.

त्यातले शिळ्ळेक्यात आपल्या आणखी जवळचे. हा समाज कर्नाटकभर पसरलेला, पण घरात मराठीची एक बोली बोलणारा. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, ‘तोगलु गोंबेयाट’, हा त्यांचा धंदा. कोकणातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांशी नातं सांगणारा. जनावराचं कातडं घासून पातळ करायचं, त्यावर राम, रावण, मारुती रेखायचा, आणि टोच्याने बारीक भोकं पाडून दागिने उठवायचे, म्हणजे मागच्या दिव्याचा उजेड त्या भोकांतून गळ्यातल्या माळेसारखा चमकतो. रात्री हा खेळ मांडणाऱ्या याच घरांतल्या बाया दिवसा गावात गोंदत. मेलेल्या कातडीवर टोचून चित्र उठवणं आणि जिवंत कातडीवर टोचून चित्र उतरवणं ही दोन्ही कसबं एकाच घरात नांदत होती. २०२५ साली कोप्पळ जिल्ह्यातल्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना बाहुल्यांच्या खेळासाठी पद्मश्री जाहीर झाली, आणि फार उशिरा का होईना, एका घराण्याच्या हातांना मान मिळाला. गोंदणाऱ्या हातांना असा मान मिळाल्याचं उदाहरण आपल्याकडे नाही.

मान तर दूरच, इंग्रजी अमलात या समाजांपैकी काहींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची व्याप्ती १९११ नंतर मुंबई इलाख्यातही वाढली. कोरवी, कैकाडी यांसारख्या जमातींची नावं यादीत गेली, हजेरी लागली, सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर या भागांत तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. गावोगाव फिरणं हाच ज्यांचा धंदा, त्यांचं फिरणंच गुन्हा ठरलं. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. मनातून तो अजून गेलेला नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं तेव्हा मराठी वाचकाला कैकाड्याचं बिऱ्हाड पहिल्यांदा आतून दिसलं. गोंदण का संपलं याचं एक कारण इथेच सापडतं. काढणारीच्या पायात बेडी पडली आणि ती सुटल्यावर तिच्या लेकीने, योग्यच केलं, शाळेची वाट धरली.

त्याच सत्तेने गोंदणाचा दुसराही वापर केला होता. १७९७ च्या नियमानुसार बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. त्या शिक्षेचं नावच ‘गोदना’. १८४९ साली ती बंद झाली. हौसेने, देवाच्या नावाने कपाळ पुढे करणारी बाई आणि साखळदंडात कपाळ धरलेला कैदी, दोघांनाही एकच शब्द. पुढे पोलिसांच्या नोंदवह्यांत आणि सरकारी अर्जांवर ‘ओळखीची खूण’ असा रकाना आला आणि त्यात ‘उजव्या हातावर गोंदण’ असं लिहिलं जाऊ लागलं. आजीच्या हातावरची तुळस कारकुनाच्या लेखी व्रण आणि तीळ यांच्या रांगेत जाऊन बसली.

लाज आली ती नंतर, आणि ती बाहेरून कोणी लादावी लागली नाही. शाळा, एसटी, सिनेमा, शहरातली नोकरी, लग्नासाठी काढायचा फोटो. १९६०-७० च्या सुमारास स्थळ बघायला आलेल्या शहरी माणसांना हनुवटीवरचा ठिपका ‘गावंढळ’ दिसायला लागला असेल, तर त्या पोरीने पुढे आपल्या लेकीचा हात गोंदणारीपुढे का धरावा? टिकली स्वस्त झाली, खोटे दागिने बाजारात आले. १९९० नंतर एड्सचं नाव गावागावात पोचलं आणि एकाच सुईने दहा पोरींना टोचण्याची भीती वाटू लागली. जत्रेत बॅटरीवरची मशीन घेऊन बसणारे आले तेव्हा भटकी गोंदणारी आधीच हद्दपार झाली होती.

हळहळताना एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. आठ वर्षांच्या पोरीला धरून, ती ओरडत असताना, तिच्या चेहऱ्यावर आयुष्यभराची खूण काढायचा हक्क आज कोणी मागितला तर त्याला नकारच द्यायला हवा. उत्तर भारतात अनेक ठिकाणी न गोंदलेल्या सुनेच्या हातचं पाणी चालत नसे. ही सक्तीच होती. अतायाल मुलीलाही निवड नव्हती. अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात आपातानी बायांच्या चेहऱ्यावरचं गोंदण १९७० च्या दशकात त्यांच्याच तरुणांनी थांबवलं, कारण शहरात गेल्यावर त्यांना त्यावरून हिणवलं जाई. प्रथा थांबली याचं दुःख करायचं कारण नाही. दुःख आहे ते तिच्याबरोबर माहितीही पुसली जातेय याचं. त्या नक्षीचा अर्थ, ती काढायची पद्धत आणि काढणारीची गाणी, हे सगळं जपायला कोणाच्या कातडीला सुई लावावी लागत नाही.

हे काम अगदीच झालेलं नाही असं नाही. बाळकृष्ण आत्माराम गुप्ते या मराठी संशोधकाने १९०२ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’त बायकांच्या गोंदणनक्षींवर टिपणं छापली, चित्रांसह. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी माणसाला हा विषय अभ्यासाचा वाटला होता. त्यानंतर मात्र आपल्याकडे हात आखडला. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा ध्यास घेतला आणि शेकडो गावांतून लाखभर ओव्या गोळा झाल्या. त्याही गाणाऱ्या बायांच्या नावांनिशी. ओव्या म्हणत ज्या हातांनी दळलं त्याच हातांवर गोंदण होतं, पण त्याचा असा संग्रह झाला नाही. बिहारच्या मिथिलेत जितवारपूरच्या दुसाध समाजातल्या बायांनी १९७० च्या दशकात गोंदणाच्या नक्षी कागदावर उतरवल्या, त्यातून गोदना चित्रशैली उभी राहिली आणि चानो देवींचं नाव सर्वदूर गेलं. छत्तीसगडच्या सरगुजात हीच नक्षी साड्या-चादरींवर आली. मणिपूरचे मो नागा हे कलावंत नागांच्या जुन्या गोंदणाचा अभ्यास करून ते नव्याने काढतात. म्हणजे वाटा आहेत. आपण त्या चाललेलो नाही.

इकडे स्टुडिओ मात्र फुलले आहेत. बेळगाव, कोल्हापूर, निपाणीच्या तरुणांच्या दंडांवर शिवराय, राजमुद्रा, महादेव, आईचं नाव. हे गोंदण मनापासूनच असतं. त्याची जबाबदारी वेगळी आहे, एवढंच. सुई नवी कोरी आहे का, शाईत काय आहे, हे विचारायलाच हवं. गोंदवल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि खानापूर-निपाणीची कितीतरी पोरं पहाटे उठून भरतीसाठी धावतात. सैन्याच्या नियमाप्रमाणे कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळव्याची मागची बाजू सोडून इतरत्र गोंदण चालत नाही; सवलत आहे ती आदिवासी उमेदवारांना, त्यांच्या रूढीप्रमाणे. दंडावर हौसेने काढलेल्या वाघामुळे भरती हुकू शकते. आजीची तुळस असते तिथे, मनगटाच्या आत, गोंदण चालतं.

गुंजी आणि आसपासच्या गावांत जुन्या गोंदणाची नोंद करायला मोठी संस्था लागत नाही. मोबाइलच्या फोटोत जुनं गोंदण नीट येत नाही. सुरकुत्यांत रेघा बुडतात आणि हिरवा रंग कातडीत मिसळतो. त्यापेक्षा पातळ ट्रेसिंग कागद हातावर ठेवून पेन्सिलीने हलकेच रेघ उतरवावी. गावातल्या हायस्कूलच्या पोरापोरींना माउलीदेवीच्या यात्रेला माहेरपणाला आलेल्या म्हाताऱ्या बाया भेटतात, त्यांच्याशी बोलता येतं. विचारायचं काय, तर हे कुठल्या गावात काढलं, वय काय होतं, काढणारी कुठून आली होती, काय गात होती, तिला काय दिलं, आणि हात कोणी धरला होता. शेवटचा प्रश्न आधी विचारला तरी चालेल. आजी मनगट उताणं करते, अंगठ्याने तुळशीवरून एकदा पुसल्यासारखं करते आणि सांगायला लागते, “आमच्या थोरल्या आत्यानं धरलेला.” मग त्या आत्याचं नाव येतं, गाव येतं, पाल पडायचं ते माळरान येतं, आणि कागदावर लिहून घ्यायला दुसरं पान लागतं.